अकस्मात बंद पडलेले महाविद्यालय आणि संगीताचा विद्यार्थी

महाविद्यालयाला अचानक सुट्टी लागली की विद्यार्थ्याच्या मनात पहिली भावना उमटते ती बहुधा आनंदाची. दुसऱ्या आठवड्यात तो आनंद ओसरतो आणि तिसऱ्या आठवड्यात काळजी सुरू होते. ही काळजी मात्र सर्वांना सारखी नसते. इतिहासाचा विद्यार्थी ग्रंथ घेऊन घरी जातो आणि गणिताचा विद्यार्थी वही घेऊन जातो. संगीताचा विद्यार्थी काय घेऊन घरी जातो? तंबोरा विभागाच्या खोलीत आहे, तबला-डग्गा कपाटात आहे, साथीदार दुसऱ्या तालुक्यात आहे, आणि चुकलेला स्वर ऐकून 'थांब, पुन्हा म्हण' असे सांगणारा गुरू आपल्या गावी गेलेला आहे. खोलीला कुलूप लागले की या चारही गोष्टी एकदम हातातून सुटतात. विद्यार्थ्यापाशी उरतो तो आपला गळा किंवा आपली बोटे, आणि सभोवती घर.

या घराचा आणि त्या विद्यार्थ्याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. तो करण्याचे कारण दूरचे नाही. मार्च २०२० च्या मध्यास करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा-महाविद्यालये बंद झाली. पुढे २५ मार्चला, म्हणजे नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या बुलढाणा शहरात या रोगाने पहिला बळी घेतला आणि जिल्हा हादरून गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाविद्यालये हळूहळू उघडू लागली होती, तोच अमरावती विभागात रुग्ण झपाट्याने वाढले आणि निर्बंध परत आले. २० ऑक्टोबर २०२१ रोजी दारे पुन्हा उघडली. जानेवारी २०२२ मध्ये ती काही आठवडे पुन्हा मिटली. तात्पर्य, हे संकट एकदा येऊन गेले असे नाही. ते थांबत थांबत, चकवा देत आले. आणि दार कधी उघडेल हे ठाऊक नसणे, हे बंद दारापेक्षाही विद्यार्थ्याला अधिक जाचते.

दार उघडले म्हणजे शिक्षण सुरू झाले, असेही आपल्याकडे घडले नाही. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या खेड्यातून कॉलेजला येणारी मुलगी एसटीच्या पासावर येते. मार्च २०२० मध्ये एसटीची चाके थांबली. जिल्ह्याबाहेरच्या गाड्या सुरू व्हावयास त्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात महाविद्यालय उघडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला. तो पुरता मिटावयास एप्रिल २०२२ आला. कामगारांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. आपल्यापुरते एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, कॉलेज उघडे आणि बस बंद, म्हणजे खेड्यातल्या मुलीच्या दृष्टीने कॉलेज बंदच. शहरातील विद्यार्थी आणि खेड्यातील विद्यार्थी यांचे टाळेबंदीचे पंचांग निराळे होते, ते असे.

आता कोणी म्हणेल, हाती मोबाईल होता की! सारे जग त्यावर शिकत होते, मग संगीतच का अडावे? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर ध्वनिशास्त्रात आहे. ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून विद्यार्थ्याची अडचण ही त्याची आळशी सबब वाटते.

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या तबलजीची थाप गायकाच्या कानी सेकंदाच्या तीन-शतांश इतक्या उशिराने पोहोचते. साथसंगत एकजीव राहण्याची मर्यादा साधारण येथपर्यंतच आहे. अंतर यापेक्षा वाढले की दोघेही एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय ओढली जाते. मोबाईलवरून आवाज जातो तेव्हा तो तुकड्यातुकड्यांत बांधला जातो, अनेक यंत्रांतून फिरतो आणि पुन्हा जुळवला जातो. यात सेकंदाचा दहावा-सहावा भाग सहज जातो. खेड्यात, जेथे संदेशवहन दुबळे आहे, तेथे त्याहून पुष्कळ अधिक. आता हिशेब करा. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. जाण्यायेण्यात मिळून तीन-दशांश सेकंद गेले, तर गुरूने दिलेल्या सम्‌वर शिष्याने बरोबर सम गाठली तरी गुरूच्या कानी ती एक मात्रा उलटून गेल्यावर पडणार! मिनिटाला ३० मात्रांच्या विलंबितातही हा उशीर मात्रेच्या सातव्या हिश्श्याइतका होतो आणि तो कानाला खटकतो. शिष्य चुकलेला नसतो, गुरूही चुकलेला नसतो. मध्ये तार चुकलेली असते.

दुसरी अडचण याहून मौजेची आणि याहून क्लेशकारक आहे. दूरध्वनीची यंत्रणा माणसाचे बोलणे स्पष्ट पोहोचावे म्हणून घडवलेली आहे. त्यामुळे सतत, एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असे ती समजते आणि तो गाळून टाकते. तंबोरा तरी दुसरे काय करतो? तो सतत, एकसारखा चालूच राहतो. ज्याच्या आधारावर आपल्या गायनाची इमारत उभी, तोच आधार यंत्राच्या लेखी कचरा ठरतो. लांब धरलेला षड्‌जही मध्येच खचल्यासारखा ऐकू येतो तो यामुळेच. शिवाय दोघांचे आवाज एकदम आले तर यंत्र एकाला दाबून दुसऱ्याला वाट देते. म्हणजे गुरूने शिष्याबरोबर गुणगुणत त्याला स्वरावर आणून ठेवावे, ही आपली शिकवण्याची मूळ रीतच तेथे चालत नाही. डग्ग्याचे तर विचारूच नका. त्याचा खर्जातला घुमारा मोबाईलच्या चिमुकल्या कर्ण्यातून बाहेर पडतच नाही. 'धा' आणि 'ना' यांतील भेद ऐकण्यापेक्षा तर्कानेच ओळखावा लागतो.

ही झाली यंत्राची बाजू. घराची बाजू याहून नाजूक आहे. दोन खोल्यांचे घर, त्यात आजारी आजोबा, ऑनलाइन वर्गाला बसलेला धाकटा भाऊ, आणि घरात मोबाईल एकच. त्यात संगीताच्या विद्यार्थ्याचा क्रम कितवा लागणार? भावाचे गणित 'अभ्यास' असते आणि बहिणीचे पलटे हा 'आवाज' असतो. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट विशेषच खरी आहे. पुष्कळ मुलींना मोकळ्या गळ्याने गाण्याची जागा म्हणून महाविद्यालयाचा संगीतविभाग तेवढा मिळतो. घरी 'हळू म्हण, शेजारी ऐकतील' हे ठरलेले. मग २०२१ च्या उन्हाळ्यात तर शेजारीपाजारी मृत्यू होत होते. भिंतीपलीकडे रडणे चालू असता भिंतीअलीकडे तान घ्यावी काय, हा प्रश्न कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हता. पुष्कळांनी त्या दिवसांत तोंड मिटून घेतले. ते योग्यच केले. परंतु मिटलेले तोंड पुन्हा उघडावयास किती महिने लागले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

खेड्यातल्या विद्यार्थ्याला एरवी आणखी एक आधार असतो, तो देवळातल्या भजनी मंडळाचा. पेटी, पखवाज आणि टाळ ही गावाची सामायिक वाद्ये तेथे असतात, आणि आपल्याकडील कित्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांचा श्रीगणेशा तेथेच झालेला असतो. पण देवळांनाही कुलपे लागली. ती नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला पुन्हा उघडली. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे आषाढीची पायी वारी झाली नाही. शेगावच्या वाटेवर ज्यांनी टाळमृदंगाचा गजर लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना त्या शांततेचे वजन सांगावयास नको. आणि ज्या कुटुंबांची चूल लग्नातील बँडवर, कीर्तनाच्या बिदागीवर किंवा साथीच्या मानधनावर पेटते, त्यांच्या घरी मुलाचा रियाज थांबणे आणि बापाची मिळकत थांबणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांची स्थितीही अशीच. ज्याला तास झाला तरच मानधन मिळते, त्याच्यापुढे विद्यालय बंद होताच पहिला प्रश्न शिकवण्याचा नसतो, किराण्याचा असतो.

अशा वेळी इतिहासाकडे पाहण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे कारण नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था होती. १९०८ साली मुंबईत तिची शाखा निघाली. पुढे तेथे स्वतःची मोठी वास्तू उभी राहिली आणि त्याबरोबर मोठे कर्जही. ते फिटले नाही. १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. पंडितजी नाशिकला जाऊन राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले. इमारतीच्या दृष्टीने पाहिले तर ही एका अपयशाची कथा आहे. पण त्यांनी संस्थेत नुसते विद्यार्थी घेतले नव्हते. पुढे शिकवू शकतील असे शिष्य वर्षानुवर्षे जवळ ठेवून तयार केले होते. वास्तू गेली तेव्हा ही माणसे शिल्लक होती. त्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर या शिष्यांनी आपापल्या जागी दिवा तेवत ठेवला. आज आपल्या जिल्ह्यातील मुले 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंतच्या ज्या परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या परंपरेतल्या.

या कथेचा बोध मात्र जपून घ्यावा. 'खऱ्या विद्येला कुलूप लागत नाही' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण पलुसकरांचे शिष्य टिकले ते वर्षानुवर्षे गुरूजवळ राहून विद्या पक्की झाली होती म्हणून. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला संगीत हा ऐच्छिक विषय घेतलेली आणि यमनाचा आरोह-अवरोह नुकता बसू लागलेली मुलगी त्या पंक्तीत बसवता येणार नाही. तिची विद्या अजून कोवळी आहे. तिला आधाराची काठी लागतेच. मग प्रश्न असा उरतो की, दार पुन्हा अचानक बंद झाले, मग ते साथीने असो, पुराने असो, संपाने असो की आणखी कशाने, तर ही काठी तिच्या हाती कशी राहील?

पहिली गोष्ट वाद्यांची. बंद खोलीतील वाद्य हे निर्जीव सामान नव्हे. घाटाखाली मे महिन्यात जो उन्हाळा असतो, त्यात तबल्याची पुडी सुकून ताणते, स्वर चढतो आणि प्रसंगी चामडे फाटते. पावसाळ्यात तीच पुडी ओल धरून सैल होते. तंबोऱ्याच्या तारा चढवलेल्या तशाच ठेवल्या तर महिनोन्‌महिने त्यांचा ताण भोपळ्यावर आणि तबलीवर पडतो. पेटीच्या भात्यात उंदीर शिरतात आणि रीड गंजतात. म्हणून बंद होण्याची चाहूल लागताच तारा थोड्या उतरवाव्यात, तबल्यावर कापडी आवरण घालावे आणि पेटी झाकावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाद्ये कोंडूनच ठेवू नयेत. ग्रंथालय जसे सही घेऊन पुस्तक घरी देते, तशी नोंदवही करून पेटी आणि तबला गरजू विद्यार्थ्याच्या घरी द्यावा. 'मोडले तर?' ही भीती खरी आहे. पण कपाटात दोन पावसाळे काढलेले वाद्यही मोडतेच, आणि ते कोणाला काही शिकवून मोडत नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या रीतीची. दूरस्थ साधनावर एकत्र गाण्याचा हट्ट सोडावा आणि देवाणघेवाणीची पद्धत धरावी. गुरूने बंदिश आणि ठेका ध्वनिमुद्रित करून पाठवावा; शिष्याने तो ऐकून, तंबोऱ्याच्या साथीने आपले गाणे मुद्रित करून परत पाठवावे; गुरूने चूक नेमकी कोठे आहे ते सांगावे. यात उशीर लागतो, पण लय मोडत नाही. जाळे दुबळे असले तरी रात्री उशिरा का होईना, मुद्रण पोहोचते. यात आणखी एक लाभ आहे. आपले गाणे आपणच परक्यासारखे ऐकल्यावर जी चूक कळते, ती दहा वेळा सांगूनही कळत नाही. प्रत्यक्ष बोलून शिकवावयाचे असेल तर काही सभा-सॉफ्टवेअरांत 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय असते. ती चालू केली म्हणजे यंत्राची गाळणी बरीच सैल होते आणि तंबोरा ऐकू येऊ लागतो. आणि कागदाला विसरू नये. पलुसकर आणि भातखंडे या दोघांनी स्वरलेखनाच्या पद्धती सिद्ध केल्या. स्वरलिपीने गाणे येत नाही हे खरे, पण आलेले गाणे विसरू न देण्याचे काम ती चोख करते, आणि तिला ना वीज लागते, ना जाळे.

तिसरी गोष्ट घरातल्या रियाजाची. आवाज मोठा करता येत नसेल तेव्हा करण्याजोगे पुष्कळ आहे. पहाटे खर्जाची साधना मंद आवाजातच करावयाची असते. हातावर ताल धरून ठेक्याची पढंत करावी. बंदिशी पाठ कराव्यात. एकच राग चार गायकांकडून ऐकून त्यांतील फरक वहीत लिहावा. तबल्यावर जाड कापड टाकले म्हणजे नाद दबतो आणि बोटांना वळण राहते. मात्र याची सवय लागू देऊ नये, कारण थापेचा खरा प्रतिसाद बोटांना कळावा लागतो. खंड पडला असेल तर परतताना घाई करू नये. दोन महिने न गायलेल्या गळ्याला पहिल्याच दिवशी तार सप्तकात ओढणे म्हणजे उन्हाळभर बांधून ठेवलेल्या बैलाला पहिल्याच पावसात दिवसभर नांगराला जुंपण्यासारखे आहे. आठवडाभर मंद्र आणि मध्य सप्तकातच राहावे. आजारातून उठलेल्याने तर श्वासाच्या बाबतीत डॉक्टरांचे ऐकूनच पुढे जावे. आणि पेरणी-निंदणीच्या दिवसांत ज्यांचे हात शेतात राबतात, त्या मुलांना 'रियाज का नाही केला' असे विचारण्यापूर्वी त्यांचे तळहात पाहावेत.

चौथी गोष्ट परीक्षेची. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. तारीख पुढे नेण्याची परवानगी राज्यांना मागता येईल. तत्त्व योग्यच आहे. पण संगीताची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी होत नाही. प्रात्यक्षिक हाच तिचा प्राण. म्हणून विभागाने वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्याची दोन-तीन मुद्रणे जपून ठेवावीत. ऐनवेळी दार बंद झाले तरी वर्षभराच्या कामाचा पुरावा हाती राहील, आणि कोणाचे मूल्यमापन केवळ मोबाईलच्या गुणवत्तेवर ठरणार नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकाने अशी मुद्रणे ऐकण्यात घालवलेला वेळ हाही तासच आहे, असे मानून त्याचे मानधन द्यावे. शिक्षक जगला नाही तर बाकीच्या सर्व सूचना व्यर्थ आहेत.

शेवटची गोष्ट आपणा नागरिकांची. आपण श्रोते आहोत. वसंत ऋतूत व्याख्याने ऐकावयास जमणारे गाव हे ऐकण्याची आवड असणारे गाव असते. कॉलेज बंद असेल तेव्हा गावात एखादी रिकामी खोली, एखाद्या वाचनालयाचे मागले दालन किंवा एखाद्या वाड्याची माडी असतेच. तेथे दोन-तीन विद्यार्थ्यांना, नियम पाळून, तासभर गाता यावे एवढी व्यवस्था करणे कोणत्याही गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ज्याच्या घरी जुनी पेटी माळ्यावर पडून आहे, त्याने ती खाली काढावी. आणि शेजारच्या घरातून सकाळी सहा वाजता कोणी मुलगी सा लावत असेल, तर खिडकी बंद करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिचे महाविद्यालय बंद असेल. त्या दिवशी तिच्या विद्येची उघडी असलेली खोली तेवढी तीच असेल, आणि ती उघडी राहते की नाही हे काही अंशी आपल्या खिडकीवर अवलंबून असेल.